आपा, तुमचा तो बिनतारखेचा राजीनामा

आपा, तुमच्या शोकसभेत मी दोनच शब्द बोलले. ते दाबायला त्यांनी तुमच्याच नावाचं मौन वापरलं.

बार रूममध्ये टेबलावर तुमचा फोटो होता. काळा कोट, पांढरा बँड, डोक्यावरून पदर. फोटोला हार. शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवलेली, तिलाही झेंडूचा हार. जिल्ह्याच्या कोर्टात तुम्ही पहिल्यांदा वकील म्हणून आलात तेव्हा याच खोलीत सांगितलं होतं ना तुम्हाला, 'बाईंसाठी बसायची सोय नाही'? तुम्ही गेल्यावर सोय झाली. खुर्ची आली, तिला हार आला, फक्त बसणारी नव्हती.

मी दाराजवळ उभी होते. शेजारी कमलताई. तालुक्याचे पुढारी दादासाहेब बोलायला उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "शमीमआपांना सत्तेचा मोह नव्हता. वेळ आली तशी पंचायत समितीच्या सभापतिपदाची खुर्ची त्यांनी स्वखुशीनं सोडली. आजकालच्या पोरींनी हे शिकण्यासारखं आहे."

पोरींनी म्हणताना त्यांनी कमलताईंकडं बघितलं. सगळ्यांना दिसेल असं बघितलं.

मी म्हणाले, "खोटं आहे."

ओरडले नाही. पण लाइट गेलेली होती, पंखे बंद, त्यामुळं शेवटच्या बाकापर्यंत गेलं. दादासाहेब थांबले. आणि अध्यक्षस्थानी बसलेले ज्येष्ठ वकीलसाहेब लगबगीनं उठले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." झालं. सगळे उठले, माना खाली. आता बोलणार कशी? दोन मिनिटं मी दादासाहेबांच्या मिटलेल्या पापण्या बघत उभी राहिले. मौन संपलं, सभा संपली, मंडळी चहाला गेली.

म्हणून उरलेलं इथं बोलते. तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी सगळं लिहिणार, कारण तुम्हीच शिकवलंत की वाचणाऱ्याला काही म्हणता काही ठाऊक नाही असं धरून पत्रक लिहायचं.

तर वाचणाऱ्यांसाठी. कमलताई एका गावच्या सरपंच आहेत. गावाचं नाव छापत नाही, त्यांना तिथं राहायचंय. त्यांच्या सहीचा राजीनामा त्यांनी कुणाला दिलेला नसताना वर पोचला. निवडून आल्यावर, खुर्चीवर बसायच्याही आधी, तो त्यांच्याकडून सही करून घेतला होता आणि तारखेची जागा कोरी ठेवली होती. आता कुणीतरी ती जागा भरली. सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांपुढं सुनावणी आहे. कमलताईंचं वकीलपत्र तुमचं होतं. आणि तुम्ही त्याआधी आठ दिवस, सकाळी चहाचा कप हातात असताना, गेलात.

राग कुणाचा करू, आपा? हृदयाचा करता येत नाही. म्हणून तुमचाच करते.

आपली पहिली गाठ आठवते? मी तेर गावाहून कॉलेजला आलेली, मुलींच्या वसतिगृहाला पाणी नव्हतं, आणि मी पत्रक काढलं होतं. गुलाबी कागद, कारण तोच शिल्लक होता. कोर्टाच्या आवारात वाटत निघाले. तुम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली, टायपिस्ट लोकांच्या रांगेत, लोखंडी टेबल टाकून बसला होता. बार रूममध्ये खुर्ची दिली नाही म्हणून तुम्ही लिंबाखाली बसलात हे मला नंतर कळलं. नंतर खुर्ची देऊ केली तरी लिंब सोडला नाहीत, कारण तोवर बायकांना ते टेबल माहीत झालं होतं. बार रूमची पायरी चढायला त्यांच्या अंगावर काटा यायचा. लिंबाखाली त्या न विचारता येऊन बसायच्या.

मी पत्रक तुमच्या हातात कोंबलं आणि पुढं निघाले.

"ए पत्रकवाली. इकडं ये."

तुम्ही लाल पेन काढलं आणि माझी उद्गारचिन्हं एकेक करून खोडायला लागलात.

"पाणी मागायलीस का भांडी आपटायलीस?"

"दोन्ही," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. "बस मग. पण पुराव्याला उद्गारचिन्ह लागत नसतं. कधी पाणी आलं नाही, कोणाला अर्ज दिला, त्यांनी काय म्हटलं. एवढं लिही. ज्याला लाज वाटायची त्याला वाटंल."

तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक तुमच्या लाल पेनाखालून गेलं. हे एकच जाणार नाही.

आणि तुमचा तो नियम. त्याच्यावरून अख्खं कोर्ट तुम्हाला हसायचं. बाई अशील आली की तुम्ही आधी कोरा कागद पुढं करायचा. तिला नाव लिहायला लावायचं. येत नसलं तर शिकवायचं, तिथंच, लिंबाखाली, बाजूला दुसऱ्यांचे टाइपरायटर खडखडत असताना. मग कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी त्या दिवसाची तारीख तिच्या हातानं. आधी तारीख, मग सही. तारीख येत नाही म्हणाली तर सही नाही. एकदा एक म्हातारी चिडली होती, "आवं वकीलीणबाई, नवरा मेला तवाची तारीख मला ठावं न्हाय, आन् आजची कुठून आणू?" तुम्ही म्हणालात, "आजी, त्याची राहू द्या. तुम्ही तर आज जित्या आहात ना? मग आजची लिहा."

तुम्ही याचं कारण सांगायचात ते तुमच्या अब्बांचं. तुळजापुरात देवीला आलेल्या बायकांना अब्बा बांगड्या भरायचे. बाई आधी रंगाकडं बोट दाखवायची. अब्बा म्हणायचे, रंग नंतर, आधी हाताचं माप. रंग बघून भरली की बांगडी फुटते आणि रक्त बाईच्या हातातून निघतं. "मी अब्बाचंच काम करते," तुम्ही म्हणायचात. "आधी माप."

मला ही गोष्ट फार आवडायची. दोन पत्रकांत वापरली. मला काय माहीत की ती अर्धी आहे.

राहिलेली अर्धी मला तुमच्याकडून कळायला हवी होती, आपा. मला ती माहिती अधिकारात मिळाली.

कमलताईंच्या प्रकरणासाठी पुरावा हवा होता. समोरचा वकील म्हणणार, सही तुमची, कबूल? मग तारखेची जागा तुम्ही भरू दिली, म्हणजे संमती. त्याला उत्तर एकच होतं: ही एका गावाची गोष्ट नाही, ही इथली रीत आहे. राखीव जागेवर बाई निवडून येते, पॅनलचे पुढारी तिच्याकडून बिनतारखेचा राजीनामा लिहून घेतात, आणि ती ऐकेनाशी झाली की तारीख टाकून कागद वर पाठवतात. म्हणून मी तालुक्यातल्या जुन्या राजीनाम्यांच्या प्रती मागवल्या. तालुका कुठला ते लिहीत नाही, रीत सगळीकडं तीच आहे. गठ्ठा आला. प्रत्येक कागदावर तेच वाक्य, 'माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने'. इतक्या बायकांना इतकी एकसारखी वैयक्तिक कारणं.

त्या गठ्ठ्यात खालून दुसरा कागद तुमचा होता.

सही तुमची. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली, मी हजारदा बघितलेली. मजकूर दुसऱ्याच्या हातचा. आणि तारीख तिसऱ्याच्या.

कोर्ट सुटल्यावर मी जिना चढून तुमच्या ऑफिसात आले आणि कागद टेबलावर ठेवला. तुम्ही चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. लई वेळ लावलात.

"सही माझी आहे," तुम्ही म्हणालात. "तारीख माझी नाही."

"म्हणजे तुम्ही पण?"

"मी पण."

"तुम्ही वकील होतात, आपा."

"हौ. म्हणूनच आजवर बोलले नाही."

मग तुम्ही सांगितलंत. पंचायत समितीत निवडून आलात, सभापतिपद बाईला राखीव निघालं. दादासाहेबांच्या मळ्यात बैठक झाली. मुदत वाटायची ठरली, सव्वा वर्ष तुम्ही, सव्वा वर्ष दुसऱ्या बाई. अणदूरहून खंडोबाचा भंडारा मागवला होता. एकेका सदस्यानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, ठरलं ते पाळू, फुटणार नाही. तुमची पाळी आली तशी सगळे थांबले. मुसलमान बाईला भंडारा कसा उचलायला लावायचा? दादासाहेब मोठ्या अदबीनं म्हणाले, "आपा, तुमचा धर्म वेगळा, तुम्हाला देवाची शपथ कशाला? तुम्ही कायद्याच्या माणूस. तुमचा आपला कागद."

आणि तुम्ही खूश झालात. ते तुम्ही माझ्यापासून लपवलं नाहीत. तुम्हाला वाटलं, बघा, ह्यांना देवाचा भरवसा लागतो, माझ्या सहीवर भागतं. तुम्हाला तो मान वाटला.

तारखेचं विचारलंत तर दादासाहेब म्हणाले, "आपला खंडोबासुद्धा मुदत वाटून राहतोय, आपा. काही महिने अणदूर, काही महिने नळदुर्ग. तोबी करार करूनच. देवाला चालतंय, मग आपल्याला काय धाड भरली?" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि सही केलीत. कागद दादासाहेबांच्या कपाटात गेला.

"घरी येऊन जेवायला बसले तेव्हा उत्तर सुचलं," तुम्ही म्हणालात. "त्या करारावर तारीख असती, दादासाहेब. आणि तो दोन्ही गावांच्या समोर होतो. पण जेवायला बसल्यावर सुचलेलं उत्तर काय कामाचं?"

मग तुम्ही सभापती झालात आणि जे केलंत त्याची गोष्ट अजून गावोगाव सांगतात. बैठकीला सरपंच बाईबरोबर तिचा नवरा यायचा, पुढच्या खुर्चीत तो बसायचा, बाई मागं. तुम्ही नवऱ्यांच्या खुर्च्या काढल्यात. व्हरांड्यात एक बाकडं टाकलंत आणि शिपायाला सांगितलंत, साहेबांना पाणी द्या, आत सोडू नका. त्याला लोक 'जावईबाकडं' म्हणायचे. आत बायका पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं हापशाचं, शाळेच्या भिंतीचं बोलल्या. बाकड्यावर बसलेल्यांनी मात्र तिथूनच दादासाहेबांना फोन केले. सव्वा वर्ष कुठलं, त्याच्या कितीतरी आधी तारीख पडली. तुम्ही दौऱ्यावरून परत आलात तर खुर्चीत दुसऱ्या बाई आणि त्यांच्या शेजारी त्यांचे मालक.

भंडारा उचललेल्यांतले निम्मे पुढच्याच निवडणुकीत फुटले. त्यांचं काही झालं नाही. देव बघून घेईल म्हणाले. बाहेर आला तो एकटा तुमचा कागद.

"मग भांडला का नाहीत?" मी विचारलं. ओरडून विचारलं.

"कायकू चिल्लाती? बस खाली."

"बसत नाही. दुसऱ्यांच्या बायकांसाठी आयुष्यभर भांडलात. स्वतःसाठी का नाही?"

"काय सांगणार होते कोर्टात? की मी, जिल्ह्यातली पहिली बाई वकील, कोऱ्या तारखेवर सही करून बसले? बार रूममधले आधीच म्हणत होते, बाईला कायदा काय कळतो. त्यांना मी स्वतःच्या सहीनं पुरावा देऊ? माझ्यामागून चार पोरी नुकत्या काळा कोट घालून आल्या होत्या. लोक त्यांना काय म्हणाले असते?"

"आणि तुम्ही गप्प बसलात म्हणून ज्या बायकांनी सह्या केल्या त्यांचं काय? दरवेळी प्रत्येकीला वाटतं आपणच येड्या."

मी म्हणाले, आता तरी प्रतिज्ञापत्र करा. मी पण सही केली होती, ही इथली रीत आहे, एवढं लिहून द्या, कमलताईंच्या कामाला येईल. मी मसुदा लिहून आणते. तुम्ही म्हणालात, "आण. बघू."

बघू. आपा, हा शब्द तुम्ही साहेबांच्या तोंडून ऐकला की खवळायचात.

मसुदा आणून दिला. आठवडा गेला, तुम्ही विषय काढला नाहीत. मी विचारलं तर फाइल बाजूला सरकवलीत. तेव्हा मी ते वाक्य बोलले. आता तुम्ही नाही म्हणून ते इथं लिहून काढते, लपवत नाही. मी म्हणाले, "आम्ही तुम्हाला कोर्टात शोधत होतो आणि तुम्ही दादासाहेबांच्या कपाटात होतात."

दार आपटून जिना उतरले. परत आले नाही. दोन आठवडे तुमच्या ऑफिसाखालून जाताना वर बघितलं नाही. वर उजेड असायचा तेवढं दिसायचं.

आणि मग तुमच्या भावाचा, नजीरभाईंचा फोन.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. मी आणि कमलताई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होतो. तुमच्या लिंबाखालच्या कितीतरी बायका आल्या होत्या, तुळजापूरच्या, तेरच्या, कुठल्या कुठल्या. सगळ्या भिंतीच्या बाहेर. आणि गाडीतून दादासाहेब उतरले, डोक्याला रुमाल बांधला आणि आत गेले. तुम्हाला माती द्यायला. ज्यांनी तुमची खुर्ची काढली त्यांच्या हातची माती तुमच्यावर आहे, आपा, आणि ज्यांना तुम्ही नाव लिहायला शिकवलंत त्यांची नाही. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नजीरभाईंनी दुकानातून मला हाक मारली. तुमच्या अब्बांचं दुकान आता तुमचे हे धाकटे भाऊ चालवतात. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी अर्धी चढवलेली ठेवून उठले, आतून फाइल आणली. "तेरा नाम लिखा है उसपे."

वर लाल अक्षरात 'पत्रकवाली'. आत माझा मसुदा.

तुम्ही तो वाचला होतात. तीन उद्गारचिन्हं खोडलेली. 'पुरुषी सत्तेची दलाल व्यवस्था' खोडून वर 'पॅनलचे पुढारी' लिहिलेलं. आणि जिथं मी लिहिलं होतं, 'माझ्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन, मला फसवून सही घेण्यात आली', तिथं तुम्ही आडवी रेघ मारली होतीत. समासात तुमच्या हातचं: 'मला कोणी फसवले नाही. मी वकील होते, मला कायदा माहीत होता. खुर्ची मिळावी म्हणून मी समजून सही केली. ती माझी चूक होती. माझ्यासारखी ती अनेकींनी केली आहे, कारण त्याशिवाय खुर्ची मिळत नाही.'

मी तिथंच बांगड्यांच्या पेट्यांमध्ये बसले. नजीरभाई परत गिऱ्हाइकाकडं गेले. बांगड्यांचा आवाज येत होता.

शेवटच्या पानावर तारीख होती. तुमच्या हातची. तुम्ही गेलात त्याच दिवसाची. त्याच्या खाली सहीची जागा मोकळी.

प्रतिज्ञापत्रावर सही नोटरीसमोरच करायची असते हे मला माहीत आहे. म्हणजे उद्या जायचं म्हणून तुम्ही आधी तारीख घालून ठेवली असेल. नाहीतर तारीख घातली आणि पेन ठेवून दिलं असेल. मी नजीरभाईंना विचारलं, आदल्या दिवशी काही बोलल्या? ते म्हणाले, "बोली, कल जरा जल्दी निकलना है." कशासाठी, ते विचारलं नाही त्यांनी. रोजच कुठंतरी लवकर निघायचात तुम्ही.

तुमच्या एका कागदावर सही आहे, तारीख दुसऱ्याची. दुसऱ्या कागदावर तारीख तुमची आहे आणि सही नाही. पहिला सरकारनं मान्य केला. दुसरा कुणी हातात धरणार नाही. हाच का तुमचा कायदा, आपा?

मी नजीरभाईंना सांगितलं की मला हे छापायचंय. ते हळू म्हणाले, "नक्को बेटा. अभी नक्को. चालीसवाँ होने दे. लोग क्या बोलेंगे, बहन की मिट्टी नहीं सूखी और भाई ने उसका कागज बाजार में लाया." ते चुकीचं बोलत नव्हते. पण चाळीसाव्या दिवसाला वेळ आहे आणि सुनावणी सोमवारी आहे.

तेव्हा मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुमच्यासारखी 'बघू' म्हणाले. स्वतःचीच घाण वाटली.

मग ती शोकसभा झाली. मौन झालं. चहाच्या टपरीवर कमलताई म्हणाल्या, "मी येत न्हाय सोमवारी."

"का?"

"आपा व्हत्या तवर दम व्हता. आता कुणाच्या जिवावर? त्यांच्या जागी आलेली ती नवी वकीलीण पोर चांगली हाय, पर तिला समोरचा खाऊन टाकल." त्यांनी बशीत कप ठेवला, परत उचलला. "आन् म्या भंडारा उचललाय, ताई. म्या आपांस्नीबी सांगितलं व्हतं. देवाम्होरं बोलले की सव्वा वर्सानं उतरंन."

"आपा काय म्हणाल्या होत्या?"

"म्हनल्या, भंडारा तुझा आन् देवाचा. त्याचं तू अणदूरला जाऊन बघ, मी मधी पडत न्हाय. पर सव्वा वर्स झालंय का? न्हाय ना? मग मोडलं कुणी?" कमलताई थोडं हसल्या. मग पुन्हा चेहरा पडला. "पर दादासाहेब आज समद्यांदेखत बोलले न्हवं का. आपांनी कशी सोडली खुर्ची. स्वखुशीनं. त्या शिकल्यासवरल्या, त्यांनी कागद दिला न्हाय, काय न्हाय, मान ठेवून उतरल्या. आन् म्या अंगठाछाप, सही करून बसले. कुठल्या तोंडानं जाऊ सायबाम्होरं?"

कमलताई, तुम्ही अंगठाछाप नाही, आपांनीच तुम्हाला लिहायला शिकवलं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. पिशवीतून फाइल काढली आणि समासातल्या तुमच्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या.

"आपांनीबी सही केली व्हती?"

"केली होती."

"बिनतारखंची?"

"बिनतारखेची."

टपरीवर बार रूममधली मंडळी उभी होती, दादासाहेबांची गाडी चालू होत होती. कमलताई लई वेळ गाडीकडं बघत बसल्या. मला वाटलं, गेलं. तुम्हाला हीच भीती होती ना, की कळलं तर बायकांचा भरवसा उडेल, म्हणतील आपाच अशी तर आमचं काय.

"आता गं बया," कमलताई म्हणाल्या. "म्हंजे म्या एकलीच येडी न्हाय." आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं, चहा एका दमात संपवला. "मी जाते सोमवारी. मीच बोलते सायबाम्होरं. सही माझी हाय म्हनते, तारीख माझी न्हाय."

तुमचंच वाक्य, आपा. मी ते त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. ते मसुद्यात नव्हतंच. त्यांना ते त्यांचं त्यांना सापडलं.

म्हणजे आपल्या भांडणाचा निकाल लागला, आणि तुम्ही हरलात. बायकांना उभं करायला तुम्ही आयुष्यभर जिल्ह्यातली पहिली बाई बनून त्यांच्यापुढं उभ्या राहिलात. कोट, इस्त्री, बँड, एकही चूक दिसू द्यायची नाही. आणि ज्या दिवशी कमलताई खरोखर बसल्या होत्या त्या दिवशी त्यांना उठवलं तुमच्या चुकीनं. तीच चूक तुम्ही इतकी वर्षं लपवून ठेवलीत. ती आधी सांगितली असती तर त्या गठ्ठ्यात किती कागद कमी असते, ह्याचा मी विचार करते आणि मला इतका संताप येतो की तुमचा फोटो पालथा ठेवावासा वाटतो. मग आठवतं की शेवटी तुम्ही रेघ मारलीत आणि 'मला कोणी फसवले नाही' असं लिहिलंत. मी तुम्हाला बिचारी करून सोडवत होते. तुम्ही तसं सुटायला नकार दिलात. इतकं सरळ वाक्य मला जन्मात लिहिता आलं नसतं.

कपाटाचं जे बोलले ते मागं घेते. ते ऐकायला तुम्ही नाही, तरी घेते.

नजीरभाईंकडं परत गेले आणि सांगितलं की मी चाळीसाव्याची वाट बघत नाही. बराच वेळ ते बांगड्या पुसत राहिले. म्हणाले, "मेरेकू पूछ मत. जो लाल में लिखा है वैसाच छाप, बस. उसमें अपना कुछ नक्को डाल." म्हणून तुमच्या त्या ओळी वर आहेत तशाच आहेत, काना-मात्रा न बदलता. ते प्रतिज्ञापत्र नाही हेही इथं स्पष्ट लिहिते. त्यावर सही नाही. कुणी सांगू नये की आम्ही मेलेल्या बाईची सही केली. इथं पुढाऱ्यांना ती सवय आहे, आम्हाला नाही.

हे पत्रक सोमवारी सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाबाहेर मिळेल. तुमच्या लिंबाखालच्या बायका वाटणार आहेत. दादासाहेबांनाही एक प्रत देणार, हातात. कागद यावेळी पांढरा आहे.

उद्गारचिन्ह एकही नाही, आपा. मोजून घ्या.

आणि आता खाली तारीख घालते, आजची, माझ्या हातानं. मग सही करते.